दाशीच्या मागावर : ओसाकातले पाच पावसाळी दिवस

आमच्या घरात दोन तवे आहेत. एकावर माझे बांगडे आणि सुरमई तळली जाते, दुसऱ्यावर फक्त भाकरी, थालीपीठ आणि धिरडी होतात. मी मालवणचा, पत्नी मिरजेची आणि पूर्ण शाकाहारी. लग्नाला सव्वीस वर्षे झाली तरी या दोन तव्यांनी एकमेकांना शिवलेले नाही. अशा घरातल्या दोघांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन पावसात, केवळ खाण्यासाठी ओसाकाला जावे ही कल्पना माझ्या भाच्याची. तो तीन वर्षे तिथे नोकरी करतो आहे. "मामा, क्योतो बघायचं आणि ओसाका खायचं," असे तो फोनवर दर वेळी म्हणे.

ओसाकाची ही ख्याती जुनी आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, देशभरातला तांदूळ आणि इतर माल या शहराच्या वखारींत येऊन पडत असे, म्हणून त्याला 'देशाचे स्वयंपाकघर' म्हणत. खाण्यापायी दिवाळे काढणे या अर्थाचा 'कुइदाओरे' हा शब्दही याच शहराच्या नावे लावला जातो; शेजारचे क्योतो मात्र कपड्यांपायी बुडते म्हणतात. तेव्हा या वर्णनात ओसाकाचा किल्ला किंवा मत्स्यालय कोणी शोधू नये. आम्ही किल्ला आगगाडीच्या खिडकीतून पाहिला आणि तेवढ्यावर भागवले.

पहिला दिवस : नांबा आणि एक वाडगा उदोन

कान्साई विमानतळावरून नानकाई रेल्वेने पाऊण तासात नांबाला पोहोचलो. बाहेर पाऊस होता, पण आपल्याकडच्यासारखा कोसळणारा नव्हे. दिवसभर कुरकुरत राहणारा, अंगाला चिकटणारा. जपानीत या हंगामाला 'त्सुयू' म्हणतात. प्रत्येक हॉटेलाच्या दाराशी छत्र्या ठेवण्याची घडवंची होती, काही ठिकाणी तर प्रत्येक छत्रीला स्वतंत्र कुलूप आणि किल्ली होती. पत्नीला पहिल्या दिवशी ओसाकातले हेच सर्वांत जास्त आवडले.

भाचा कामावरून रात्री उशिरा येणार होता, म्हणून आम्ही दोघेच मुक्कामाजवळच्या एका लहानशा उदोनच्या दुकानात शिरलो. दाराशी तिकिटांचे यंत्र होते: पैसे टाकायचे, चित्राचे बटण दाबायचे आणि आलेली चिठ्ठी आतल्या माणसाच्या हाती द्यायची. आम्ही 'वाकामे उदोन'चे बटण दाबले. वाकामे म्हणजे समुद्रातले शेवाळ, ते आम्हाला ठाऊक होते. शेवाळ, गव्हाच्या जाड शेवया आणि गरम पाणी, यात खटकण्यासारखे काय असणार, असा आमचा हिशेब.

वाडगा आला. रस्सा फिकट सोनेरी होता, इतका स्वच्छ की तळाची नक्षी दिसत होती. पत्नीने दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि म्हणाली, "अहो, किती सौम्य आहे हो हे. आजारी माणसाला द्यावं असं." तिसरा घोट घेईपर्यंत माझ्या वाडग्यातली वाफ माझ्या नाकाशी आली आणि मला एकदम आमच्या मालवणच्या घराचा माळा आठवला, पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवलेल्या डब्यांसकट. वास अगदी पुसट होता, पण समुद्राकाठी वाढलेल्या नाकाला तो चुकत नाही. मी तिला सांगितले. सांगायला हवे होते की गप्प राहायला हवे होते, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. तिने वाडगा माझ्याकडे सरकवला आणि त्या रात्री केळी व खारे शेंगदाणे खाऊन झोपली.

रात्री भाच्याने उलगडा केला. या रश्शाला 'दाशी' म्हणतात, आणि जपानी स्वयंपाकात तो आपल्या फोडणीसारखा सर्वव्यापी आहे. बहुतेक ठिकाणी तो 'कोंबू' नावाच्या समुद्रवनस्पतीच्या जाड पट्ट्या आणि 'कात्सुओबुशी' यांचा असतो. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो माशाचे तुकडे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखे कडक होईपर्यंत सुकवायचे आणि रंध्यासारख्या पात्यावर त्यांचे पातळ कीस काढायचे. "मामी, इथे मासा नको म्हटलं की वरचा मासा काढून देतात," भाचा म्हणाला, "पण पाणी तेच राहतं. त्यांच्या दृष्टीने पाण्यात मासा नसतोच."

शाकाहारी प्रवाशांसाठी या संपूर्ण लेखातली सर्वांत उपयोगी सूचना हीच: 'व्हेजिटेरियन' हा शब्द उच्चारून निर्धास्त होऊ नये, दाशीबद्दल नाव घेऊन विचारावे. भाच्याने पत्नीसाठी एक जपानी कार्ड लिहून दिले: मांस, मासे आणि माशांची दाशी चालत नाही, कोंबूची आणि शिताके अळंब्यांची चालते, अंडी आणि दूध चालते. शेवटचे वाक्य महत्त्वाचे, कारण समोरच्याला नुसती बंदी सांगितली तर तो नम्रपणे नकार देतो; काय चालते ते सांगितले तर विचार करू लागतो.

दुसरा दिवस : दाभण, पीठ आणि कोबीची पाने

सकाळी कुरोमोन बाजार पाहिला. छपराखालचा हा बाजार मोठा आणि देखणा आहे, पण आता तो प्रामुख्याने पर्यटकांसाठी उरला आहे असे माझे मत झाले. काडीला टोचलेल्या एका शिंपल्याची किंमत ऐकून मी हात मागे घेतला. त्यापेक्षा जवळचीच 'डोगुयासुजी' ही गल्ली मला अधिक भावली. ही हॉटेलवाल्यांच्या भांड्यांची बाजारपेठ आहे. सुऱ्या, कंदील, दारावर लावायचे कापडी पडदे, आणि हॉटेलांच्या काचेत मांडतात ते प्लॅस्टिकचे हुबेहूब पदार्थ, सगळे इथे मिळते. ज्या गावात जेवणाची यादी वाचता येत नाही तिथे काचेतल्या या नमुन्यांकडे बोट दाखवता येणे ही मोठीच सोय आहे.

पत्नी तिथे एका बिडाच्या भांड्यासमोर थबकली. "अप्पेपात्र!" ती म्हणाली. ते ताकोयाकीचे पात्र होते. पुढच्याच कोपऱ्यावर एक बाई त्या पात्रावर काम करीत होत्या, आणि आम्ही दोघे पंधरा मिनिटे पावसात उभे राहून त्यांचे हात पाहत होतो. आपण अप्प्यांचे पीठ खळग्याखळग्यातून मोजून घालतो. त्यांनी ताकासारखे पातळ पीठ सरळ पात्रभर ओतले, खळगे आणि मधल्या भिंती सगळे बुडवून टाकले. प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा एक तुकडा, वर कांद्याची पात आणि लाल आल्याचे बारीक तुकडे. मग दाभणासारखी एक लांब सळी घेऊन त्यांनी भिंतींवरचे शिजलेले पीठ उभे-आडवे कापले, कडा आत दुमडल्या आणि प्रत्येक गोळा पाव गिरकी फिरवला. थोडे थांबून आणखी पाव. तिसऱ्या फेरीपर्यंत एकूण एक गोळा गुळगुळीत झाला होता, आणि त्यांनी एकदाही खाली पाहिले नाही, कारण त्या शेजारणीशी बोलत होत्या. पिठातच दाशी असल्यामुळे पत्नीला चाखता आले नाही. मी आठ खाल्ले. बाहेरून घट्ट आणि आतून वाहते असे ते असतात. पहिला गोळा अख्खा तोंडात टाकल्याने पुढचे दोन दिवस माझ्या टाळूची साल निघत होती. काडीने फोडून, वाफ जाऊ देऊन खावा.

ताकोयाकी जुना पदार्थ वाटतो, पण १९३०च्या दशकातला आहे. ओसाकातल्या आइझुया या दुकानात आधी गोमांसाचे तुकडे घालून असेच गोळे करीत. १९३५मध्ये त्यांत ऑक्टोपस आला. पलीकडच्या आकाशी गावात अंड्याच्या पिठात ऑक्टोपस घालण्याची रीत होती, तिच्यावरून हे सुचले.

दोतोनबोरीच्या कालव्याकाठची रोषणाई, हलणारा प्रचंड खेकडा वगैरे आम्ही पाहिले आणि गर्दीतून लवकर निसटलो. तिथून दोन मिनिटांवर होझेनजी मंदिराची दगडी गल्ली आहे. तिथल्या फुदोम्योओ या देवतेच्या मूर्तीवर भाविक इतके पाणी ओततात की ती सर्वांगी हिरव्या शेवाळाने झाकून गेली आहे. महादेवाच्या पिंडीवर गडू रिकामा करीत आलेल्या माणसाला यात काही परके वाटले नाही.

संध्याकाळी भाच्याबरोबर शिन्सेकाईला गेलो. त्सुतेनकाकू मनोऱ्याभोवतीची ही वस्ती. पहिला मनोरा १९१२ मध्ये उभारला गेला. आज दिसतो तो १९५६ मधला. भोवताली कुशिकात्सूची दुकाने दाटीवाटीने आहेत: मांस, मासे, भाज्या काडीला टोचून, पिठात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. समाईक सॉसच्या भांड्यात काडी एकदाच बुडवायची, चावल्यावर पुन्हा नाही, हा इथला प्रसिद्ध नियम. उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या आम्हा लोकांना तो शिकवावा लागत नाही. आता बऱ्याच दुकानांत सॉसची बाटलीच देतात, पण आम्ही गेलो तिथे अजून पत्र्याचे भांडे होते.

यादीत कमळकाकडी, भोपळा, कांदा, शतावरीचे कोंब असे पाहून पत्नीचा चेहरा खुलला. भाच्याने कार्ड पुढे केले. मालकाने ते दोनदा वाचले, कढईकडे पाहिले आणि हात जोडून काहीतरी म्हणाला. तळण गोमांसाच्या चरबीत होते. जुन्या पद्धतीच्या दुकानांत ते तसेच असते. मग तिच्यासमोर फुकटची कोबीची पाने आली, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा आल्या आणि वरचा माशाचा कीस वगळून थंड टोफू आला. ती काही बोलली नाही. अशा वेळी तिचे न बोलणेच आम्हाला पुरते.

हे सगळे शेजारच्या स्टुलावरचे एक सत्तरीचे गृहस्थ पाहत होते. त्यांनी आधी मला कोबीचे पान चमच्यासारखे वापरून सॉस कसा काढायचा ते दाखवले, कारण माझी काडी अर्धी खाऊन झाली होती आणि माझा हात भांड्याकडे निघाला होता. मग त्यांनी भाच्याला विचारले की या बाई नेमके काय खात नाहीत. भाच्याने सांगितल्यावर ते बराच वेळ विचार करीत राहिले. शेवटी म्हणाले की ओसाकाची चव मुळात माशाची नाहीच, ती कोंबूची. यांना उद्या काराहोरीला कोंबूच्या दुकानात न्या. उठताना त्यांनी पत्नीकडे पाहून 'ओओकिनी' म्हटले, म्हणजे ओसाकाच्या बोलीतले 'आभार'. आभार कशाबद्दल, ते भाच्यालाही सांगता आले नाही.

पैशांविषयी दोन शब्द. शंभर येन म्हणजे साधारण पंचावन्न ते साठ रुपये. आम्हा तिघांचे बिल ५,४०० येन झाले, त्यात न मागवलेल्या तीन वाट्या धरलेल्या होत्या. इझाकायांत, म्हणजे दारूसोबत जेवण देणाऱ्या हॉटेलांत, बसल्याबसल्या 'ओतोशी' नावाची छोटी वाटी येते. ती भेट नसून बसण्याचे शुल्क असते, माणशी ३०० ते ५०० येन. काही कुशिकात्सूवालेही तसे करतात. भांडू नये. टीप मात्र कुठेच देऊ नये. मी पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलेली नाणी परत करायला एक मुलगी पावसात आमच्या मागे धावत आली होती.

तिसरा दिवस : काराहोरी

काराहोरी हा चढउताराच्या रस्त्यावरचा, छप्पर घातलेला जुना बाजार. पर्यटक जवळजवळ नाहीत. भाजीवाले, टोफूवाले आणि पिशवी घेऊन निघालेल्या आजीबाई. भाच्याने त्या दिवशी रजा घेतली होती, हे फार बरे झाले, कारण पुढचा तासभर आम्ही केवळ त्याच्या तोंडून जगलो.

कोंबूच्या दुकानात शिरल्यावर वाळलेल्या समुद्राचा वास आला, पण त्यात मासळीचा लवलेश नव्हता. भिंतीला टेकवून काळ्या-तपकिरी पट्ट्यांच्या जुड्या ठेवल्या होत्या, हातभर लांब, वर पिठासारखी पांढरी भुकटी असलेल्या. दुकानातल्या बाईंनी सांगितले की ही बुरशी नाही, पट्टीतूनच बाहेर आलेली चव आहे, ती धुऊ नये. ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. कोंबू उगवतो दूर उत्तरेला, होक्काइदोच्या थंड समुद्रात. एदो काळात 'कितामाएबुने' नावाची व्यापारी जहाजे तो पश्चिम किनाऱ्याने, शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीतून ओसाकाला आणीत. तांदूळ, मीठ, कापड वर जाई आणि कोंबू, सुकी हेरिंग मासळी खाली येई. जिथे एकही पट्टी पिकत नाही त्या शहराची चव अशी कोंबूवर बेतली गेली. शेजारच्या साकाई गावात धारदार पाती घडवणारे लोहार होते, म्हणून तिथे कोंबू व्हिनेगारमध्ये भिजवून कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ तासण्याचा धंदा वाढला. त्या बाईंनी असा एक तासलेला पापुद्रा उजेडासमोर धरला. पलीकडचा दिवा त्यातून दिसत होता.

मग त्यांनी एका लहानशा चिनी मातीच्या पेल्यात रात्रभर थंड पाण्यात भिजवलेल्या कोंबूची दाशी ओतली. नुसती; मीठसुद्धा नाही. पत्नीने आधी माझ्यापुढे पेला धरला. मी हुंगला आणि मान डोलावली. त्यानंतर तिने घोट घेतला, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. "अहो," ती म्हणाली, "पुरणाची डाळ शिजल्यावर वरचा कट काढतो ना, तसं लागतंय. फक्त डाळीच्या जागी समुद्र." भाच्याने 'कट' या शब्दाचे जपानी कसे केले देव जाणे, पण त्या बाईंनी जोरजोरात मान हलवली आणि दुसरा पेला भरला.

या चवीला नाव मिळाले ते १९०८ मध्ये. तोक्योच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या दाशीतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणाऱ्या त्या चवीला 'उमामी' म्हटले. काही वर्षांनी, १९१३ मध्ये, त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट हा दुसरा घटक सापडला. दोन्ही एकत्र आले की चव कैक पटींनी वाढते, म्हणूनच तर उदोनवाला कोंबूच्या सोबत मासा सोडायला तयार नसतो. आता मला त्याचा राग राहिला नाही. पत्नीला अजून आहे.

दुपारचे जेवण अनपेक्षित निघाले. ओसाकात गेल्या काही वर्षांपासून 'स्पाइस करी'ची लाट आहे: जपानी घरांत होते त्या घट्ट, पिठाळ करीऐवजी अख्खे मसाले परतून केलेली पातळ करी, एकाच ताटात दोन प्रकार आणि कडेला लोणची. रात्री चालणारा एखादा बार दुपारपुरता भाड्याने घेऊन तिथे करी विकणारे तरुण पुष्कळ आहेत. आम्ही गेलो तिथेही मागे दारूच्या बाटल्या आणि पुढे मोहरीची फोडणी, असा देखावा होता. करणारा मुलगा भारतात कधी आलेला नव्हता. श्रीलंकेच्या धर्तीवर नारळाच्या दुधातली मसुराची आमटी करीत होता. कार्ड वाचून त्याने प्रामाणिकपणे सांगितले की कोंबडीच्या करीत माशाची दाशी आहे, आमटीत नाही. त्या आमटीत कढीपत्ता होता, आणि अडीच दिवसांनी कढीपत्त्याचा वास आल्यावर पत्नीने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. त्या मुलाने हळूच विचारले की मोहरी जळली आहे का. थोडी जळली होती. तिने ते त्याला सांगितले आणि तेल किती तापू द्यावे तेही हाताने दाखवले.

अशा ठिकाणी जायचे तर साडेअकराला दाराशी असावे. करी संपली की दुकान बंद होते, आणि ती दीडच्या आतही संपते. अनेक लहान दुकानांत क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख जवळ ठेवावी.

चौथा दिवस : वाम

सकाळी उमेदाहून हान्क्यू रेल्वेने इकेदा गावी जाऊन झटपट नूडल्सचे संग्रहालय पाहिले. मंगळवारी ते बंद असते. मोमोफुकु आंदो यांनी घरामागच्या ज्या खोपटात प्रयोग करून १९५८ मध्ये पहिल्या झटपट नूडल्स तयार केल्या, त्या खोपटाची प्रतिकृती तिथे आहे; कढई, चाळणी, पिठाची पोती, इतकेच सामान. याच वर्षी, याच ओसाका प्रांतात, फुसे इथे योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरचे पहिले सुशीचे दुकान काढले. बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून त्यांना ते सुचले होते. घाईत खाण्याच्या जगातल्या दोन मोठ्या युक्त्या एकाच गावाकडून याव्यात यात नवल नाही. व्यापाऱ्यांचे शहर, जेवायला बसले तरी हिशेब चालूच. परतताना दुकानात भाच्याने एका झटपट उदोनच्या झाकणावरचे बारीक इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षर दाखवले. पश्चिम जपानसाठी कोंबूकडे झुकणारा फिकट रस्सा, पूर्व जपानसाठी गडद. एकाच कंपनीचा एकच पदार्थ दोन चवींचा विकला जातो.

रात्रीचे जेवण भाच्याने महिन्यापूर्वी ठरवले होते: आठ माणसांच्या लाकडी फळीमागे एकटा आचारी, समोर बसून त्याचे हात पाहत जेवायचे. या पद्धतीला 'काप्पो' म्हणतात. माणशी ९,००० येन, आमच्या सहलीतला सर्वांत मोठा खर्च. पत्नीचे पथ्य आरक्षणाच्या वेळीच कळवले होते. आयत्या वेळी कळवणे अशा ठिकाणी असभ्यपणा ठरतो.

आचाऱ्याने फळीवर एक लांब, चंदेरी मासा ठेवला आणि मी अर्धा उठलोच. "अरे, ही तर वाम!" तो 'हामो' होता, आपल्या वामीच्याच कुळातला, ओसाकाच्या उन्हाळ्याचा मानकरी, जुलैतल्या तेन्जिन उत्सवाला तो लागतोच. आमच्याकडे वाम चविष्ट, पण काट्यांमुळे पाहुण्यांना वाढायची भीती. तिचे बारीक काटे मांसात विखुरलेले असतात आणि उपटता येत नाहीत. इथे ते उपटतच नाहीत. मासा उघडून कातडी खाली ठेवतात आणि जड सुरीने अगदी जवळजवळ काप देत जातात, साधारण तीन सेंटिमीटरात चोवीस, असे की काटे कापले जावेत पण कातडी शाबूत राहावी. त्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. कोरड्या पाचोळ्यावरून सावकाश चालावे तशी ती सुरी वाजत होती. काप दिलेला तुकडा उकळत्या पाण्यात सोडताच आक्रसून उलटा वळला, प्रत्येक काप उघडला, आणि बर्फाच्या पाण्यातून बाहेर आला तेव्हा तो पांढऱ्या शेवंतीसारखा दिसत होता. वर खारवलेल्या उमे फळांची लाल, आंबट चटणी. काटा एकही लागला नाही. मी भाच्याकरवी आचाऱ्याला सांगितले की आमच्या गावी हा मासा तिखट कढीत, काटे चोखत खातात. त्याने सुरी पुसत उत्तर दिले की हामो त्सुयूचे पाणी पिऊन चवदार होतो असे इथे म्हणतात, तुमच्याकडे पाऊस जास्त असेल तर मासाही बरा असेल.

पत्नीसाठी त्याने कोंबू आणि शिताकेची वेगळी दाशी काढली होती. त्या दाशीतला तिळाचा मऊ 'टोफू', सोयाच्या दुधाची साय, तळलेला भोपळा असे एकेक येत गेले. पण तिला जिंकले ते वांग्याने. ओसाकाच्या दक्षिणेला सेन्शू भागात 'मिझुनासू', म्हणजे पाणवांगे, पिकते. ते हलक्या मिठात मुरवून कच्चेच देतात, सुरी न लावता हाताने फाडून. कृष्णाकाठच्या वांग्यांवर वाढलेली बाई, तिने कच्च्या वांग्याकडे संशयाने पाहिले. मग एक फोड तोंडात टाकली. चावताच नासपतीसारखे पाणी सुटले. तिने आचाऱ्याला बी मिळेल का विचारले. तो म्हणाला की बी न्याल, पण सेन्शूची माती कशी न्याल? यावर तिने मिरजेच्या काळ्या मातीची बाजू पाच मिनिटे मांडली. भाच्याने त्यातली दोन मिनिटे भाषांतरित केली.

पाचवा दिवस : कोल्हा आणि पिशवी

निघायच्या दिवशी सकाळी मी आणि भाचा मिनामिसेनबा भागातल्या उसामितेई मात्सुबाया या १८९३ पासूनच्या दुकानात 'कित्सुने उदोन' खायला गेलो. कित्सुने म्हणजे कोल्हा. गोडसर शिजवलेली टोफूची तळलेली पोळी कोल्ह्याला फार आवडते अशी समजूत, म्हणून हे नाव. तो पदार्थ याच दुकानातून निघाला असे सांगतात. पहिल्या दिवशीचाच रस्सा, पण या वेळी मला त्यात आधी कोंबू लागला, मागून मासा आला. पोळी चावली की तिच्यातली गोडी रश्शात उतरते आणि शेवटचा घोट पहिल्यापेक्षा गोड लागतो. फारच चांगले. बाहेर येऊन पत्नीला तितके सांगितले नाही.

ती तेवढ्या वेळात उमेदाच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात होती. या तळघरांना 'देपाचिका' म्हणतात आणि माझ्या मते शाकाहाऱ्याने ओसाकात पहिल्याच दिवशी तिथे जावे, आम्ही शेवटच्या दिवशी गेलो ही चूक: लोणची, फळे, तांदळाची मिठाई, पाव, सगळ्यावर घटक लिहिलेले असतात आणि फोनवर भाषांतर करून वाचता येतात. रात्री बंद होण्याआधीच्या तासात सवलतीच्या चिठ्ठ्याही लागतात. तिने मिझुनासूचे लोणचे घेतले होते. कोंबूच्या चार पट्ट्या काराहोरीच्या बाईंनी आधीच कागदात गुंडाळून दिल्या होत्या.

पुण्याला आल्यावर दुसऱ्याच रात्री तिने त्यातली एक पट्टी पातेल्यात भिजत घातली आणि सकाळी त्या पाण्याची कटाची आमटी करायचे ठरवून झोपली. सकाळी पातेले घासून पालथे घातलेले होते. आमच्या बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, चपलेचा कसलातरी तुकडा पडला होता त्यात. मी टाकला, पातेलं दोनदा घासलं." तीन पट्ट्या उरल्या आहेत, त्यांच्या डब्यावर आता मराठीत चिठ्ठी आहे.